कारभार वाईट असूनही काही देश वाढतात, ते कसं?

अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका मुलीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "२००१ ते २००५ अशी सलग पाच वर्षं बांगलादेश ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या भ्रष्टाचाराविषयीच्या यादीत तळाला होता. तरी त्या काळात त्याची अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास वाढत होती. हुकूमशहा सुहार्तोंचा इंडोनेशिया, चीन यांचीही तीच गत. मग सुशासनाने विकास होतो, हे श्रीमंत देशांनी गरिबांना शिकवलेलं पुस्तकी वाक्य आहे का? की आधी पैसा येतो आणि कारभार मागाहून सुधारतो?"

मी प्राध्यापक नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी बसून गेली सत्तावीस वर्षं लघुउद्योगांचे प्रकल्प अहवाल तयार करतो, बँकेपुढे मांडतो, आणि कर्ज मंजूर झाल्यावर प्रकल्प उभा राहीपर्यंत त्या माणसाबरोबर कचेऱ्यांचे हेलपाटे घालतो. वाचनाची सवय आहे, त्यामुळे बाहेरच्या देशांचंही थोडंफार ठाऊक आहे. तेव्हा उत्तर याच टेबलावरून देतो.

तुमच्या प्रश्नातली खरी अडचण 'सुशासन' या शब्दात आहे. या एका पिशवीत आपण फार वेगवेगळ्या वस्तू कोंबल्या आहेत. जागतिक बँक १९९६ पासूनच्या आकड्यांवर जे निर्देशांक काढते, त्यांत सहा गोष्टी आहेत: लोकांचा आवाज, राजकीय स्थैर्य, शासनाची कार्यक्षमता, नियमनाचा दर्जा, कायद्याचं राज्य आणि भ्रष्टाचारावर नियंत्रण. एखाद्या देशात यातल्या दोन बऱ्या आणि चार वाईट असू शकतात. शिवाय हे निर्देशांक मुख्यतः जाणकारांच्या आणि उद्योजकांच्या मतांवर बेतलेले असतात. धंदा तेजीत असला की माणसाला सरकारही बरं वाटतं. म्हणजे वाढ झाली म्हणून गुण चांगले पडले, की गुण चांगले म्हणून वाढ झाली, हे नुसते आकडे शेजारी ठेवून कळत नाही.

मोजमापाची गंमत आपण जवळून पाहिली आहे. जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभतेच्या यादीत भारत काही वर्षांत १४२ व्या क्रमांकावरून ६३ व्या क्रमांकावर आला. पेढे वाटले गेले. पण भारताचे ते गुण मुंबई आणि दिल्ली या दोन शहरांतल्या पाहणीवरून दिले जात होते. माझ्या तालुक्यातल्या माणसाला लागणारे महिने ६३ च्या हिशेबाने काही कमी झाले नव्हते. पुढे आकड्यांत फेरफार झाल्याचं उघड झालं आणि सप्टेंबर २०२१ मध्ये जागतिक बँकेने तो अहवालच बंद केला. त्यामुळे प्रबंधात असे क्रमांक वापरायचे तर जपून वापरा.

आता बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी मान्य करतो. पहिलं म्हणजे, किती वर्षांचा हिशेब मांडता? २०२४ चं अर्थशास्त्राचं नोबेल असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांना मिळालं, ते संस्था आणि समृद्धी यांच्या नात्यावरच्या कामासाठी. पण त्यांचा हिशेब शतकांचा आहे, वसाहतींच्या काळापासूनचा. तुमचा प्रश्न दहा-वीस वर्षांचा आहे. वीस वर्षं भरधाव वाढलेला देश एकविसाव्या वर्षी आपटू शकतो. दुसरं, देश कोणत्या टप्प्यावर आहे? शेतमजुराला शिलाई मशीनवर बसवून होणारी वाढ वेगळी आणि औषधाचं नवं रसायन शोधून होणारी वेगळी. तिसरं, जमिनीखाली काय आहे. तेल किंवा हिरे सापडले की सगळी गणितं बदलतात.

एवढं सांगून माझ्या टेबलावर येतो.

आमच्याकडे बेदाण्याची शीतगृहं बरीच आहेत. बेदाणा साधारण फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत शेडवरून उतरतो, शीतगृहात जातो आणि मग वर्षभर सौद्याला काढला जातो. एका द्राक्षबागायतदाराने तीन कोटींचं कर्ज काढून शीतगृह बांधायला घेतलं. व्याज ११ टक्के, म्हणजे महिन्याला पावणेतीन लाख. अहवालात मी इमारत, यंत्रं आणि परवानग्या मिळून दहा महिने धरले होते. इमारत वेळेत झाली, यंत्रंही आली. अडली ती एका कार्यालयातली शेवटची सही. कागद अपुरे होते असं नाही. साहेबांची बदली झाली, नवे साहेब रुजू व्हायचे होते, ते आल्यावर त्यांना आधीच्या साहेबांचं मोजमाप मान्य नव्हतं. जानेवारीत मिळायची ती सही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मिळाली.

कागदावर उशीर साडेतीन महिन्यांचा. व्याजाच्या भाषेत साडेनऊ लाखांच्या आसपास. पण खरं नुकसान एका वर्षाचं झालं, कारण तोवर गावातला बेदाणा दुसऱ्यांच्या शीतगृहांत जाऊन बसला होता. पुढचा माल यायला पुढचा फेब्रुवारी. वर्षभर रिकाम्या खोल्या थंड करायच्या नाहीत, पण हप्ते मात्र भरायचे. शेती आणि शेतीवर चालणाऱ्या उद्योगांत उशीर असाच वागतो. पंधरा दिवस चुकले की हंगाम चुकतो. गरीब देशांची निम्मीअधिक जनता जेव्हा अशा हंगामांवर जगत असते, तेव्हा 'सरकारी काम अन् सहा महिने थांब' ही म्हण त्यांच्या उत्पन्नातून वजा होते.

त्या काळात तो बागायतदार मला एकदा चिडून म्हणाला, "द्यायचं ते देतो, पण तारीख सांगा." हे वाक्य मी कितीतरी लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. लाच द्यायला तो आनंदाने तयार होता असं नाही. पण लाच त्याच्या हिशेबात बसवता येत होती, ती 'आकस्मिक खर्च' या ओळीत जात होती. तारीख मात्र कुठल्याच ओळीत बसवता येत नव्हती. तुमच्या कोड्याचं निम्मं उत्तर माझ्या मते इथे आहे. गुंतवणूक करणारा माणूस सरकार किती स्वच्छ आहे हे पाहत नाही. त्याला हे पाहायचं असतं की ओळखपाळख नसताना आपलं काम किती दिवसांत आणि किती पैशांत होईल, हे आधी सांगता येतं का. जिथे सांगता येतं तिथे चिरीमिरी चालू असूनही कारखाने निघतात. जिथे सांगता येत नाही, तिथे पैसा प्लॉटमध्ये आणि सोन्यात जाऊन बसतो.

यावरून लगेच 'लाच म्हणजे चाकाला घातलेलं वंगण' असा निष्कर्ष काढू नका. ही गोष्ट परीक्षेत हमखास लिहिली जाते, आणि माझ्या अनुभवात ती अर्धवट आहे. फाईल पुढे सरकवण्याचे पैसे मिळतात हे एकदा कळलं की फाईल मुद्दाम थांबवायला सुरुवात होते. ज्या कामाला पूर्वी कुणी अडवत नव्हतं त्यालाही 'त्रुटी' निघू लागतात. आणि तीन टेबलं असतील तर तिन्ही टेबलं आपापला भाव लावतात, शेजारच्याने काय घेतलं याचा विचार करत नाहीत.

याचा एक सुंदर पुरावा इंडोनेशियातल्या आचे प्रांतात मिळाला. दोन अर्थतज्ज्ञांनी ट्रकमध्ये माणसं बसवून तीनशेहून अधिक फेऱ्या मोजल्या. वाटेतल्या पोलिसी, लष्करी आणि वजनकाट्याच्या नाक्यांवर सहा हजारांहून जास्त बेकायदा वसुल्या नोंदल्या गेल्या. त्याच काळात शांतता करारामुळे लष्कर तिथून निघालं आणि नाके घटले. तेव्हा उरलेल्या नाक्यांनी भाव वाढवले. ट्रकवाल्याचा एकूण खर्च कमी झाला, पण जेवढे नाके हटले तेवढा नाही. हात किती आहेत आणि त्यांच्यावर कुणाचा लगाम आहे, यावर हिशेब ठरतो.

आपल्याकडे हे समजायला जकात, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतला जाणारा कर, पुरेशी आहे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अहवालात वाहतूक खर्च लिहिताना ट्रकभाडं एक आणि 'वाटखर्च' दुसरा, अशा दोन ओळी मी मनातल्या मनात धरायचो. मुंबईच्या वेशीवर मुलुंड किंवा दहिसरच्या नाक्यावर रात्रभर उभ्या राहिलेल्या ट्रकचं भाडं कोण देतं? शेवटी मालाचा मालकच. जकात वाईट आहे हे महापालिकेच्या शिपायापासून अर्थमंत्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तरी मुंबईतली जकात जायला जीएसटी यावा लागला, १ जुलै २०१७ पर्यंत थांबावं लागलं. कारण मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचा तो मोठा खांब होता आणि त्याच्या जागी राज्याकडून नियमित भरपाईची सोय होईपर्यंत तो काढता येत नव्हता. राज्यातल्या इतर शहरांत मधल्या काळात एलबीटीचा, म्हणजे जकातीऐवजी स्थानिक संस्था कराचा, प्रयोग झाला, व्यापाऱ्यांनी बंद पाळले, आणि २०१५ मध्ये बहुतेकांसाठी तोही गुंडाळावा लागला. वाईट पद्धत मोडण्यासाठी सुद्धा सरकारच्या अंगात ताकद लागते, हा माझ्या मते जकातीचा धडा.

आता तुमच्या देशांकडे.

सुहार्तोंच्या तीन दशकांत इंडोनेशिया वर्षाला सहा-सात टक्क्यांनी वाढला. घराण्याने आणि गोतावळ्याने किती खाल्लं हे जगजाहीर आहे. पण १९८५ मध्ये त्या सरकारने एक विलक्षण गोष्ट केली. बंदरांवरचे कस्टम्सवाले निर्यातीचा गळा आवळत आहेत हे दिसल्यावर मालतपासणीचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं आणि एसजीएस नावाच्या स्विस कंपनीला दिलं. माल निघतो त्या देशातच तपासणी व्हायची, इकडे बंदरात फक्त उतरवून घ्यायचा. कस्टम्सच्या अनेक कर्मचाऱ्यांना घरी बसवलं गेलं. तेलाचे भाव पडत होते, कापड, प्लायवूड, पादत्राणं विकून डॉलर कमवायचे होते, म्हणून एवढा एक दरवाजा त्यांनी सताड उघडा केला. बाकीचं घर होतं तसंच राहिलं. मात्र त्या घरात सगळं एका माणसाच्या शब्दावर चालत होतं. १९९७-९८ च्या संकटात तो शब्द डळमळला, मर्जीतल्या लोकांना वाटलेली कर्जं बुडाली, रुपिया हे त्यांचं चलन डॉलरला अडीच हजारांच्या आतून पंधरा हजारांच्या पुढे घसरला आणि १९९८ या एका वर्षात अर्थव्यवस्था सुमारे १३ टक्क्यांनी आकसली. मे महिन्यात सुहार्तोंना पायउतार व्हावं लागलं. म्हणून मी म्हणालो, किती वर्षांचा हिशेब मांडता ते आधी ठरवा.

बांगलादेशाची कथा मला जास्त आवडते, कारण तिथे प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्या माणसाला ओळखीच्या वाटाव्यात अशा गोष्टी आहेत. १९७९ मध्ये 'देश गार्मेंट्स' या तिथल्या कंपनीने कोरियाच्या देवूशी करार करून १३० माणसं तिकडे शिकायला पाठवली. त्यांतल्या अनेकांनी परत येऊन पुढे स्वतःचे कारखाने काढले. पण कौशल्य एकटं पुरलं नसतं. दोन साध्या सरकारी सोयी झाल्या. पहिली, बॉन्डेड गोदाम: निर्यातीच्या कपड्यासाठी लागणारं कापड शुल्क न भरता थेट कारखान्याच्या गोदामात उतरायचं, म्हणजे प्रत्येक तागा शुल्कासाठी अडवून धरायला वाव नाही. दुसरी, परदेशी गिऱ्हाइकाने उघडलेल्या एलसीच्या (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) आधारावर कापड मागवण्याची एलसी उघडायची मुभा. म्हणजे शिवणाऱ्याला स्वतःचं खेळतं भांडवल जवळजवळ लागतच नाही. आमच्याकडे कितीतरी चांगले कारागीर याच एका कारणासाठी, खेळत्या भांडवलासाठी, अडून राहतात हे मी रोज बघतो, म्हणून या सोयीचं मोल मला कळतं. बाकी सरकार यादीत तळाला असू द्या, कपड्यांच्या धंद्यासाठी एक पक्की वाट बांधून झाली होती.

त्या वाटेच्या मर्यादाही तिथेच दिसतात. वाट फक्त कपड्यांसाठी होती. चामडं, अन्नप्रक्रिया, हलकं यंत्रकाम यांना तसा रस्ता मिळाला नाही, आणि आजही त्या देशाच्या निर्यातीचे दहातले आठ डॉलर कपड्यांतून येतात. दुसरी मर्यादा फार भयंकर. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या साव्हारमध्ये राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि अकराशेहून अधिक माणसं गेली. वरचे मजले परवानगीशिवाय चढवलेले होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक त्या दिवशी बंद राहिली, शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावलं गेलं. माल वेळेत बंदरावर पोचवण्याची व्यवस्था होती, इमारत तपासण्याची नव्हती. वाईट कारभाराची किंमत वाढीच्या आकड्यात दिसली नाही म्हणून ती कुणी मोजली नाही असं होत नाही. ती अशा माणसांनी मोजली.

चीनबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर तुम्हाला भरपूर वाचायला मिळेल. तिथल्या स्थानिक अधिकाऱ्याची बढती बरीचशी त्याच्या भागातल्या वाढीवर ठरत होती. त्यामुळे उद्योजकाला पळवून लावण्यात त्याचं नुकसान होतं. तो खायचा, पण कारखाना उभा राहिल्यावर. आमच्याकडच्या अधिकाऱ्याला कारखाना निघाला काय आणि न निघाला काय, त्याच्या बढतीला फरक पडत नाही.

याच्या उलट टोकाला आफ्रिकेतला बोट्स्वाना. १९६६ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा देशात डांबरी रस्ता होता जेमतेम बारा किलोमीटर आणि विद्यापीठाचे पदवीधर दोन डझनही नव्हते. पुढच्याच वर्षी ओरापा इथे हिरे सापडले. ती जमीन होती पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच जमातीची. बहुतेक ठिकाणी पुढे काय झालं असतं ते आपण ओळखतो. इथे १९६७ च्या कायद्याने खनिजांवरचा हक्क जमातींकडून राष्ट्राकडे गेला, आणि खामांच्या जमातीनेही तो सोडला. डी बिअर्स या बड्या हिरे कंपनीबरोबरच्या भागीदारी कंपनीत सरकारचा सुरुवातीचा हिस्सा होता फक्त १५ टक्के. खाणीची खरी किंमत कळल्यावर फेरवाटाघाटी करून १९७५ मध्ये तो ५० टक्क्यांवर नेला. पुढची तीन दशकं तो देश जगातल्या सर्वांत वेगाने वाढणाऱ्यांत होता. हिऱ्यांचा पैसा शाळा, रस्ते, दवाखाने यांत घातला, उरलेल्यातून १९९४ मध्ये पुला फंड हा पुढच्या पिढ्यांसाठीचा बचत निधी काढला. सगळं गोडच आहे असं नाही. विषमता प्रचंड आहे, एड्सने देश पोखरला, हिऱ्यांवरचं अवलंबित्व सुटलेलं नाही आणि हिऱ्यांचा बाजार बसला की तिजोरीला लगेच धाप लागते. तरी त्याच खंडातल्या, त्याच प्रकारची संपत्ती असलेल्या झैरेचं (आजचा काँगो) हुकूमशहा मोबुटूंनी तीन दशकांत काय केलं ते शेजारी ठेवून पाहा.

खनिजांच्या बाबतीत मला गोवा आठवल्याशिवाय राहत नाही. चीनमधून मागणी आली तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागात लोहखनिजाचे ट्रक रात्रंदिवस पळत होते. नियम कागदावर होते, पाळतंय कोण हे कुणी बघत नव्हतं. २०१२ मध्ये खाणी एका फटक्यात बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिज विक्रीतले दहा टक्के कायमस्वरूपी निधीत टाकायला सांगितले, म्हणजे बोट्स्वानाने स्वतःहून केलं तशातलं काम इथे न्यायालयाला सांगावं लागलं. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांची नूतनीकरणं रद्द झाली. यात सर्वांत जास्त भरडला गेला तो कर्ज काढून ट्रक किंवा बार्ज (खनिज वाहणारी होडी) घेतलेला माणूस. आधीच्या ढिलाईतला मोठा फायदा त्याचा नव्हता, नंतरच्या कडकपणाचा हप्ता मात्र त्याचा होता. बँकेच्या बाजूने बघितलं तर दोन्ही वेळेला चुकलं ते एकच: पाच वर्षांनंतर हा धंदा चालू असेल का, हे कर्ज देताना कुणालाच सांगता येत नव्हतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो: आधी पैसा की आधी कारभार? दोन्ही बाजूंनी खरं आहे. चांगला हिशेबनीस, चांगलं न्यायालय, संगणकावरचे जमिनीचे उतारे या सगळ्याला पैसा लागतो. कर्नाटकने 'भूमी' प्रकल्पात २००० च्या सुमारास सुमारे दोन कोटी भूमी अभिलेख संगणकावर घेतले, नंतर आपल्याकडेही डिजिटल सहीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. हे काम गरीब राज्याला १९७० मध्ये जमलं नसतं. पण पैसा आला की कारभार आपोआप सुधारतो हे मात्र मला दिसलेलं नाही. उतारा घरी मिळतो, पण उताऱ्यावर नाव लागायला जी फेरफार नोंद मंजूर व्हावी लागते, तिथे अजून माणूसच बसलेला असतो. ज्यांचं चुकीच्या पद्धतीवर पोट भरतं ते तिची राखण करतात. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा कायदा आहे. अधिकाऱ्याला साधारण तीन वर्षं एका जागी ठेवायचं आणि कुठलीही फाईल एका टेबलावर कामाच्या सात दिवसांहून जास्त अडवायची नाही, असं तो सांगतो. माझ्या शीतगृहवाल्याची फाईल त्याच कायद्याच्या राज्यात साडेतीन महिने पडून होती.

आणखी एक गोष्ट, जी अहवालात लिहिता येत नाही पण रोज जाणवते. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपण लहान मुलांना शहाणपण म्हणून शिकवतो. धंद्याच्या भाषेत तिचा अर्थ असा की करार मोडला तर तुला कुणी वाली नाही. देशातल्या न्यायालयांत पाच कोटींच्या आसपास खटले पडून आहेत. मग धंदेवाला काय करतो? उधारी फक्त ओळखीत देतो, भागीदार भावकीतला किंवा पाहुण्यांतला शोधतो, व्यवस्थापक म्हणून मेहुण्याला बसवतो. वीस कामगारांपर्यंत हे झकास चालतं. दोनशे कामगारांसाठी भावकी पुरत नाही. मी चांगले चालणारे कितीतरी कारखाने याच उंबऱ्यावर थांबलेले पाहिले आहेत. मालकाला विचारलं तर म्हणतो, "कशाला व्याप वाढवायचा?" त्यात आळस कमी, हिशेब जास्त असतो. एखादी पक्की वाट बांधून देश गरिबीतून वर येतो, पण त्यापुढच्या चढाला अनोळखी माणसावर विश्वास टाकता येईल असं न्यायालय, नोंदणी आणि हिशेबतपासणी लागते.

तेव्हा तुमच्या कोड्याचं माझं उत्तर एवढंच जुळतं: बांगलादेश, इंडोनेशिया वाढले ते वाईट कारभारामुळे नाही आणि कारभाराचा वाढीशी संबंध नसतो म्हणूनही नाही. जिथून वाढ येणार होती नेमका तेवढा भाग त्यांनी खात्रीचा केला होता. देशभराच्या सरासरीत तो भाग दिसत नाही, म्हणून यादी एक सांगते आणि आकडा दुसरं.

प्रबंधासाठी एक सूचना. संपूर्ण देश घेऊ नका, एक परवाना घ्या. १९८३ मध्ये एर्नांदो दे सोतो या अर्थतज्ज्ञाच्या संस्थेने पेरूची राजधानी लिमा इथे एक छोटा शिलाई कारखाना कायदेशीर नोंदवून पाहिला, शक्यतो लाच न देता. २८९ दिवस लागले. त्या एका आकड्याने जेवढी चर्चा घडवली तेवढी शंभर पानी अहवालांनी घडत नाही. तुम्ही तुमच्या तालुक्यात पिठाची गिरणी, वेल्डिंगचं दुकान, काहीही निवडा. ज्यांनी परवाना काढला त्यांच्याबरोबर, ज्यांनी काढायचा विचार सोडून दिला तेही शोधून काढा. दुसरे लोक सापडायला अवघड, पण खरी गोष्ट त्यांच्याकडे असते. आणि प्रश्नावलीत "लाच द्यावी लागली का?" असं विचारू नका, त्याला कुणी खरं उत्तर देत नाही. "किती वेळा जावं लागलं?" असं विचारा. ते लोक बोटांवर मोजून सांगतात, कुठल्या दिवशी साहेब जेवायला गेले होते त्यासकट.